आईच्या नावावरचं दुकान

"कायदा म्हणजे आई," असं म्हणून आमचे मालक उजवा हात छातीवर ठेवत आणि डोळे मिटून घेत. ते इतका वेळ मिटलेले राहत की ऐकणाऱ्यालाही आपण काहीतरी मिटायला हवं असं वाटू लागे. मग डोळे उघडून, आवाज खाली आणून ते पुढचं वाक्य बोलत, "पण आईसुद्धा दुपारी स्वल्प झोपते, अल्वा?" 'अल्वा' म्हणजे कन्नडात 'नाही का'.

सरकारचा हुकूम आणि त्याचं पालन यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते, तीच ही दुपार. मालकांचा सगळा धंदा त्या दुपारी चालत असे.

'आमचे' मालक म्हणते ते घरमालक या अर्थाने. जयनगरच्या बाजारामागच्या एका गल्लीत त्यांची इमारत आहे. तळमजल्यावर पुढे गणवेशांचं दुकान आणि मागे शिलाईचा कारखाना, पहिल्या मजल्यावर ते सहकुटुंब आणि त्यांची आई, आणि सगळ्यांत वर भाडेकरू म्हणून मी. मी मूळची नागपूरची. घरी बसून कागदपत्रांची कन्नड-मराठी भाषांतरं करते. "नागपूरच्या अक्का, तुमची भाषा पुस्तकी आहे," असं मालक पहिल्याच दिवशी म्हणाले. मला ती स्तुती वाटली. पुढे कारखान्यातली प्रत्येक सूचना, प्रत्येक नेमणूकपत्र आणि त्यांचं प्रत्येक भाषण लिहायला मला खाली बोलावणं येऊ लागलं, तेव्हा कळलं की ती स्तुती नव्हती, नेमणूक होती.

घराणं जुनं, मूळचं मराठी. "तीनशे वर्षांपूर्वी आमचे पूर्वज तलवार घेऊन या मुलखात आले," हे ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत. तलवार मी पाहिलेली नाही. इमारतीत नाव घेण्यासारखी धार असलेली एकच वस्तू आहे, कटिंगमास्तरांची कात्री. ती मास्तरांनी स्वतःच्या पैशाने आणलेली आहे, म्हणून ते रोज संध्याकाळी ती फडक्यात गुंडाळून घरी नेतात.

दुकान, कारखाना, परवाने, सगळं मात्र आईच्या नावावर. "सगळं आईच्या चरणी," मालक म्हणत. या भक्तीचा अर्थ मला हळूहळू उलगडत गेला. मजूर खात्याची नोटीस आली की ती आईच्या नावाने येई. सुनावणीची तारीख पडली की आईच्या नावाने पडे. मग मालक अधिकाऱ्यापुढे आईच्या वयाचा दाखला ठेवत, छातीवर हात ठेवत, आणि अधिकाऱ्यालाही आई असतेच, तो पुढची तारीख देई. जबाबदारी त्यांनी पूर्णपणे मातृचरणी वाहिली होती. नफा तेवढा, म्हातारीला या वयात त्रास नको म्हणून, ते स्वतः सोसत.

कागदोपत्री ते आईचे पगारी व्यवस्थापक होते. त्यांचं नेमणूकपत्र मीच लिहिलं. नवं काही लिहावं लागलं नाही. शिवणाऱ्या बायकांना देतात तेच घेतलं आणि नाव बदललं.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. कदाचित त्याच्याकडे नोकरीही केली असेल. तो वाईट बोलत नाही, ओरडत नाही, सणाला मिठाई देतो. कायदा मोडताना तर तो कधीच सापडत नाही. तो कायदा पाळतो, आणि पाळून झाल्यावर त्या कायद्यात काही शिल्लक उरत नाही.

पाट्यांचा नियम आला, की पाटीवर कन्नड मोठं हवं. मालकांनी दुसऱ्या दिवशी भलीमोठी कन्नड पाटी लावली, तिला नारळ फोडला, फोटो काढला. जुनी इंग्रजी पाटी काढली नाही. ती कन्नड पाटीच्या वर, ताडपत्रीखाली राहिली. पालिकेची माणसं जेवायला गेली की ताडपत्री वर जाई. बायकांना संध्याकाळनंतर कामावर ठेवायचं तर घरी पोचवायला गाडी हवी, असं ठरलं. मालकांनी गाडी दिली. शाळा सुरू होण्याच्या मोसमात तीच गाडी गणवेशांचे गठ्ठे पोचवत असे. बायका गठ्ठ्यांवर बसून जात आणि गठ्ठे आधी उतरत.

सरोजम्मा नावाची एक शिवणारी होती. मुलगी बाळंतपणात अडली म्हणून ती एका रात्रीत गावी गेली. परत आली तेव्हा महिन्याभराचा पगार कापलेला. ती रडू लागली तसे मालक हळुवारपणे म्हणाले, "एक महिन्याची नोटीस द्यायची असते, सरोजम्मा. नेमणूकपत्रात लिहिलंय. मी काय करू? कायदा म्हणजे आई."

आणि कायदा बदलला की मालक कारखाना देवनहळ्ळीला नेत. तोंडाने. विमानतळाजवळच्या एका लेआउटमध्ये त्यांचा प्लॉट होता, त्यावर पत्र्याची शेड होती. "असं असेल तर नेतो बघा युनिट देवनहळ्ळीला," हे ते वर्षातून तीन-चारदा बोलत. बायका माना खाली घालून शिवत राहत. शेड तशीच राही.

मग सरकारने तो हुकूम काढला. काम करणाऱ्या बाईला महिन्यातून एक दिवस पाळीची भरपगारी रजा, आणि तिच्याकडे डॉक्टरचा दाखला मागायचा नाही.

दोन दिवस युनिट देवनहळ्ळीला गेलं. तिसऱ्या दिवशी महादेवपुऱ्याहून फोन आला. तिथल्या एका मोठ्या आयटी पार्कच्या सफाई कामगारांचे गणवेश मालक पुरवत. फोनवरच्या मुलाने नम्रपणे विचारलं की नव्या रजेची अंमलबजावणी झाली का, कारण झाली नसेल तर पुढची ऑर्डर देणं अवघड जाईल. त्या संध्याकाळी मालक स्त्रियांचे कैवारी झाले.

कारखान्यात एका भिंतीला देवाचं फळकुट आहे. त्याखाली एक जुनं हाताचं मशिन ठेवलेलं आहे. मालकांच्या आईने याच मशिनवर धंदा सुरू केला म्हणे. आयुधपूजेला त्याला सगळ्यांत मोठा हार असतो. त्या मशिनजवळ उभं राहून मालकांनी सगळ्यांना जमवलं. बोलणं अर्थातच कन्नडात झालं. मी मराठीत सांगते आहे.

"सरकारने तुम्हाला एक दिवस दिला," ते म्हणाले. "मी चार देतो."

टाळ्या वाजल्या. माझ्याही हातून एक वाजली.

"पहिला दिवस भरपगारी, हुकमाप्रमाणे. पुढचे तीन दिवस मात्र बिनपगारी. कारण आत देव आहे. सोवळंओवळं पाळायला हवं. सरकारला देव नाही, आपल्याला आहे."

टाळ्या अर्ध्यावर थांबल्या. हे मी लिहून दिलेल्या भाषणात नव्हतं.

त्याआधी काय होतं ते सांगायला हवं. त्याआधी बायका त्या दिवसांत येत, पदर पोटाशी घट्ट बांधून शिवत, आणि कोणी कोणाला काही विचारत नसे. रजा घ्यायची तर आता सांगावं लागणार होतं. थोडक्यात, कायदा येईपर्यंत देवाला यातलं काही माहीत नव्हतं.

पहिली रजा मंजुळाने घेतली. मंजुळा काजं करायच्या मशिनवर बसते. तिशीतली, बोलायला तिखट. तिला पहिल्या दिवशी उभं राहवत नसे. मी एकदा तिला मशिनवर डोकं टेकून, डोळे उघडे ठेवून पडलेलं पाहिलं होतं, आणि ते डोळे काहीच बघत नव्हते. तिला एक दिवस हवा होता. फक्त एक. दुसऱ्या दिवशी ती कामाला आली तर दारात मालक.

"मंजुळा, आत देव आहे."

"गेल्या महिन्यातपण होता, सार."

"गेल्या महिन्यात तू सांगितलं नव्हतंस."

ती परत गेली. चौथ्या दिवसानंतर आली आणि थेट काजांच्या मशिनवर बसली. त्यानंतर रजा कोणीच मागितली नाही. एका दिवसासाठी तीन दिवसांची मजुरी घालवायला कोणाला परवडतं? महादेवपुऱ्याच्या त्या मुलाने तीन महिन्यांनी चौकशी केली तेव्हा मालक अभिमानाने म्हणाले, "अंमलबजावणी पूर्ण. मागणी शून्य." मुलगा खूश झाला. म्हणाला, "म्हणजे आरोग्य छान आहे सगळ्यांचं."

ही बातमी मालकांच्या व्यापारी मित्रमंडळापर्यंत पोचली. सरकारच्या एका हुकमावर चार दिवस देणारा माणूस आपल्यात आहे, या विचाराने मंडळाला भरून आलं. सत्कार ठरला. टाळ्यांसाठी कारखान्यातली माणसं हवीत म्हणून त्या दिवशी काम बंद ठेवलं आणि गठ्ठ्यांच्या गाडीने सगळ्यांना खेपा करून हॉलवर नेलं. मंचावर मालकांना शाल, श्रीफळ आणि जरीचा म्हैसूर पेटा, म्हणजे तयार पगडी, मिळाला. पेटा थोडा मोठा होता, बोलताना भुवयांवर उतरत होता. "कायदा म्हणजे आई," ते म्हणाले आणि छातीवर हात ठेवून डोळे मिटले, तेव्हा तो पुरता खाली आला. बायकांना एकेक लाडू आणि पाण्याची लहान बाटली मिळाली. कटिंगमास्तर माझ्या शेजारी बसले होते. म्हणाले, "अक्का, साठीला आलो, पण बायकांच्या रजेचा लाडू पहिल्यांदा खातोय."

मालकांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. त्या दिवसाचा पगार त्यांनी कोणाचाही कापला नाही. का कापला नाही, ते पुढच्या आठवड्यात कळलं.

सकाळची वेळ होती. मी एक सूचना द्यायला खाली गेले होते. मंजुळा मालकांच्या टेबलासमोर उभी होती, एका हाताने टेबलाची कड धरून. तिचा चेहरा बिनरंगी कापडासारखा झाला होता.

"सार, आज रजा. एकच दिवस. उद्या मी येणार. देवाला सांगायचं तर तुम्ही सांगा, मी सांगणार नाही."

मालकांनी मान हलवली. "या महिन्याची तुझी रजा झाली."

"कधी झाली?"

"सत्काराच्या दिवशी. काम बंद होतं, पगार चालू होता. सगळ्यांना तीच रजा लावली."

मशिनं थांबली. मागून कटिंगमास्तरांचा आवाज आला, "मलापण लावली, सार?"

"तुम्हालाही, मास्तर. मी भेदभाव करत नाही."

मास्तरांनी दाढीवरून हात फिरवला. आधी एक बाई हसली, मग सगळ्याच. मंजुळा हसली नाही. तिने टेबलाची कड सोडली आणि मला म्हणाली, "अक्का, वर चला माझ्याबरोबर. अज्जींकडे."

मी तिला जिन्यावर अडवलं. मालकांच्या आईंना मी ओळखत होते. ऐंशी ओलांडलेल्या, कडक सोवळ्याच्या. त्यांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापलीकडे मी कधी गेले नव्हते. त्या चार दिवसांत सून घरातसुद्धा बाजूला बसत असे. "मंजुळा, त्या तर चाराचे पाच करतील," मी म्हटलं.

"करू देत. मालकीण त्याच आहेत ना? दारातल्या चौकटीत त्यांचं नाव आहे. दर आयुधपूजेला त्या चौकटीला हार मी घालते. वाचता येतं मला."

परवाना दारात टांगायचा असतो, असा नियम आहे. मालकांनी तो काच लावून टांगला होता. पाळायला सोपा नियम होता.

अज्जी बाल्कनीतल्या खुर्चीवर बसल्या होत्या. खालच्या दुकानाचं सगळं बोलणं त्या बाल्कनीत ऐकू येतं, हे मला तिथे उभी राहिल्यावर समजलं. मंजुळा दाराबाहेरच थांबली. आत पाऊल न टाकता तिने सगळं सांगितलं. रजा, चार दिवस, देव, सत्कार, मास्तरांची रजा. अज्जींनी शेवटी एवढंच विचारलं, "पोटात फार दुखतंय का गं?"

"हो अज्जी."

"मग उभी का आहेस? बस जिन्यात." आणि माझ्याकडे वळून, "नागपूरची, हात दे मला. खाली जायचंय."

अज्जी खाली उतरल्या याला किती वर्षं झाली होती कोण जाणे. बायका उठून उभ्या राहिल्या. मालक धावत आले. "आई, तू कशाला? मला बोलवायचं."

"तुला बोलावलं असतं तर तू दोन वाक्यं बोलला असतास आणि डोळे मिटले असतेस." त्या फळकुटासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "हा देव इथे कोणी ठेवला?"

"तूच, आई."

"कधी?"

"दुकान काढलंस तेव्हा."

"तेव्हा शिवायला कोण होतं?"

"तूच."

"आणखी?"

"कोणी नाही."

"मग महिन्यातले ते चार दिवस शाळेचे शर्ट कोण शिवत होतं? देव?"

अज्जींनी त्या जुन्या मशिनचं चाक हाताने अर्धं फिरवलं. "तुझे वडील अंथरुणावर होते. तू इथे खाली, चिंध्यांत झोपायचास, माझ्या पायाला डोकं लावून. सगळा विटाळातच वाढलास की रे. तेव्हा देवाला चाललं, तुला चाललं. आता कोणाला चालत नाही?"

मालकांचा हात छातीकडे निघाला होता. तो वाटेतच शर्टाच्या बटणाशी थांबला.

"वर माझ्या घरात मी काय पाळायचं ते पाळते. ते माझं. इथे मी मालकीण आहे म्हणे. नोटिसा मला येतात, तर हुकूमही माझाच चालेल. नागपूरची, लिही."

मी लिहिलं. रजा मागितली की द्यायची. दुसऱ्या दिवशी बाई आली की तिला दारात अडवायचं नाही. देवाचं नाव मध्ये आणायचं नाही. अज्जी मग म्हणाल्या, "आणि त्या सत्काराच्या दिवशी यांच्या कोणाच्या पोटात दुखत नव्हतं. डोक्यावर पेटा तुझ्या होता. ती रजा तुझ्या नावावर लाव."

त्यांनी सही केली. सही करायला त्यांना बराच वेळ लागला. प्रत्येक अक्षर त्या टाका घालावा तसं घालत होत्या. मालकांनी एवढ्या वेळात पूर्वीसारखे डोळे मिटून घेतले होते. तेवढ्यात मागच्या रांगेतून कोणीतरी, बहुतेक सरोजम्मा, म्हणाली, "सार, आज आई झोपल्या नाहीत वाटतं."

हसू फुटलं ते आवरेना. मास्तर कात्री खाली ठेवून हसले. मंजुळाला रिक्षात बसवून आम्ही घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली आणि काजांच्या मशिनवर बसली. दारात कोणी नव्हतं.

त्याच आठवड्यात मालक देवनहळ्ळीला गेले. या वेळी खरोखर गेले, फक्त युनिट न घेता. पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी नवा कारखाना टाकला, परवाना स्वतःच्या नावावर घेतला, आणि कामाला सगळे पुरुष ठेवले, म्हणजे रजेचा प्रश्नच नको. इकडचं काम मास्तर बघतात. अज्जी दुपारी खाली येऊन बसतात.

रविवारी मालक आईला भेटायला येतात. हातात वेलची केळ्यांचा घड असतो. कारखान्याच्या दारावरून जाताना आत बघत नाहीत. एकदा मात्र मी जिन्यात होते, तेव्हा ते आत गेलेले दिसले. सुट्टी होती, मशिनं झाकलेली होती. त्यांनी जुन्या मशिनवरचा वाळलेला हार काढला, तो कुठे टाकावा ते त्यांना कळेना, म्हणून शर्टाच्या खिशात कोंबला. मग वाकून मशिनखालच्या जागेकडे थोडा वेळ बघत राहिले. तिथे चिंध्या होत्या, नेहमी असतात. मग केळी घेऊन वर गेले.

त्यांच्याविषयी माझं मत त्यामुळे बदललं, असं मात्र नाही.

देवनहळ्ळीला जाताना त्यांनी एक महिन्याची नोटीस दिली नव्हती. अज्जींनी तेवढा पगार कापला.